"सर, हे पण करून घेऊ ना?"

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की तासाभरात फोन येणार म्हणजे येणारच. "सर, इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश करून घेऊ ना? थ्रॉटल बॉडी पण काळी झालीये, शिवाय अंडरबॉडी कोटिंग..." अरे बाबा, कोटिंग मागच्याच वर्षी केलंय, तुमच्याकडेच, बिल आहे माझ्याकडे! त्यावर पोरगं शांतपणे, "रेकमेंडेड आहे सर."

कोणी केलं रेकमेंड?

यावेळी चिडून डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल काढलं, पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं बिचारं. चक्क तक्ता आहे हो त्यात! इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. इंजिन फ्लशचं, म्हणजे इंजिन आतून धुण्याचं, तर नावसुद्धा नाही कुठे. आणि गंमत बघा, ब्रेक फ्लुइड २ वर्षांनी बदला म्हणून लिहिलंय, कारण ते हवेतला ओलावा शोषतं, मग घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळून पेडल नुसतं खाली जाऊ शकतं, म्हणजे जिवाशी खेळ, आणि त्याबद्दल ४ वर्षांत एकदाही कोणी ब्र काढला नाही! त्यात कमिशन नसणार, दुसरं काय.

मॅन्युअल दाखवलं तर म्हणे, "सर, आपल्याकडे धूळ किती असते." अहो, धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी टीप आहे त्यात, वाचा की!

बरं, जुना एसी फिल्टर दाखव म्हटलं तर व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. फोटोतली सीटकव्हरं माझ्या गाडीची नव्हतीच.