नवतपा आणि अर्धा मिलिमीटर

नवतपा (मे अखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस) लागला की नागपुरात दोनच प्रकारची माणसं उरतात. ज्यांच्या गाडीचा एसी चालू आहे ती, आणि ज्यांना सल्ले मिळतात ती. यंदा माझी भरती दुसऱ्या गटात झाली होती.

आमचा एसी सकाळी सातला हुडहुडी भरवायचा. दुपारी दीडला, वर्धा रोडवरच्या सिग्नलला, पारा ४५ ला टेकलेला असताना त्याच जाळीतून इंजिनाची वाफ तोंडावर यायची. बटणातला दिवा मात्र इमानेइतबारे जळत असे. काम न करता हजेरी लावणारा एवढा निष्ठावंत कर्मचारी मी दुसरा पाहिला नाही.

"गॅस गेला असंल." हे निदान सोसायटीच्या वॉचमनने केलं, मेव्हण्याने फोनवरून केलं आणि आयुष्यभर सायकल चालवलेल्या शेजारच्या काकांनीही केलं. पहिल्या गॅरेजात गाडी सकाळी नेली. अर्थातच एसी चालू. "मस्त थंड होऊन राहिला भाऊ," मेकॅनिक म्हणाला, आणि त्याच दमात, "गॅस भरून टाकू का?"

शेवटी भर दुपारी गाडी सुरू ठेवून स्वतःच बोनेट उघडलं. कॉम्प्रेसरची, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची, पुली पट्ट्यावर सतत फिरतच असते. तिच्यापुढे एक गोल प्लेट असते. एसीचं बटण दाबलं की पुलीमागच्या कॉइलला वीज मिळते, तिचं चुंबक होतं, ते प्लेटला खेचून पुलीला चिकटवतं, आणि 'टक' असा आवाज येतो. त्यानंतरच कॉम्प्रेसर फिरतो. माझी पुली गरगर फिरत होती आणि प्लेट लग्नातल्या रुसलेल्या आत्याबाईसारखी जागची हलत नव्हती.

फ्यूज बघितला, शाबूत. मग एसीचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) काढून हॉर्नच्या रिलेच्या जागी लावला, कारण माझ्या गाडीत दोन्ही एकच जातीचे आहेत. हॉर्न खणखणीत वाजला. रिले ठीक असल्याच्या आनंदात तो दोनदा जास्तच वाजला असावा, कारण दुपारची झोप मोडलेले काका गॅलरीत आले आणि वरून म्हणाले, "गॅस बघितला का?"

मग एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. हा पहिला माणूस, ज्याने "दुपारीच या, गाडी तापलेली पाहिजे" असं बजावलं. त्याने कॉइलच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला. पेटला. म्हणजे वीज थेट कॉइलपर्यंत येत होती. गॅस खरंच गेला असता, तर दाब साधारण २ बारच्या खाली गेल्यावर प्रेशर स्विचने वाटेतच वीज तोडली असती. गॅस निर्दोष सुटला! हा निकाल काकांना कळवावा असं फार वाटलं, पण त्यांची झोप आधीच एकदा मोडली होती.

मग त्याने एक लांब लाकडी दांडा घेऊन फिरत्या पुलीसमोरच्या त्या प्लेटला हलकेच ढकललं. (हे घरी करू नये. पट्टा बोटं मोजत बसत नाही.) टक! अर्ध्या मिनिटात जाळीतून गार हवा.

"मॅग्नेट दुपारी दमून राहिला, भाऊ," तो म्हणाला. प्लेट वर्षानुवर्षं घासून तिच्या आणि पुलीमधली फट वाढली होती. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, ती जवळजवळ दुप्पट झालेली. तांब्याची कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, चुंबकाचा जोर कमी पडतो. सकाळी ते ही फट ओलांडून प्लेट ओढायचं, दुपारी हात टेकायचं. म्हणजे ज्या उन्हासाठी एसी घेतला, त्याच उन्हाने तो बंद पडत होता.

उपाय पाहून रडू यायचंच बाकी होतं. मधला बोल्ट काढला, प्लेट बाहेर घेतली, आत बसलेल्या पातळ वॉशरपैकी एक काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि प्लेट परत बसवली. फीलर गेजने फट मोजली. झालं. नखाएवढ्या जाडीची ती चकती, आणि तिच्यापायी अख्खं घर दुपारचं बाहेर पडायला घाबरत होतं.

मी सीटवर बसून बटण दाबलं. टक. बंद केलं. पुन्हा दाबलं. टक. पुन्हा.

"भाऊ," खिडकीतून आत वाकून तो म्हणाला, "असंच टकटक करत राहाल, तर प्लेट पुन्हा घासंल."