आधी रंग, मग गळतीचं बघू

छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग दिसला की शहाण्याने पहिला फोन रंगाऱ्याला करावा, प्लंबरला नव्हे. प्लंबर आला की भिंत फोडायची भाषा करतो. रंगारी शेड कार्ड घेऊन येतो. पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे असतील तर निवड अवघड नाही. ओल म्हणजे रंगाची कमतरता, हे एकदा मनाशी पक्कं केलं की काम फार सोपं होतं. आणि मग तेच सोपं काम दर वर्षी करायला मिळतं.

काही चिकित्सक मंडळी मात्र आधी गळती शोधत बसतात. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवतात, दोन तास कुणी पाण्याला हात लावायचा नाही असा दम भरतात आणि पुन्हा आकडा बघतात. तो सरकला तरी लगेच भिंतीवर संशय घेत नाहीत. आधी फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास वाट बघतात. भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबर गेलेलं असतं आणि भिंत निर्दोष सुटते. ओल कधी वाढते याचीही नोंद ठेवतात. रात्रंदिवस एकसारखं ठिबकत असेल तर पुरवठ्याचा पाइप. आंघोळीनंतर थोड्या वेळाने वाढत असेल तर नहाणी. फक्त पावसात उमटत असेल तर गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा खिडकीची चौकट. नहाणीचा संशय असला तर एक दिवस पाणी जमिनीवर न सांडता थेट जाळीत ओततात, आणि तो भाग सुकल्यावर जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर 24 तास पाणी तुंबवतात. पहिल्या वेळी खाली ओल वाढली तर दोष ट्रॅपचा किंवा पाइपचा, दुसऱ्या वेळी वाढली तर फरशीच्या सांध्यांचा आणि खालच्या वॉटरप्रूफिंगचा.

एवढा धीर कुणाला आहे! तुम्ही सरळ डागाच्या बरोब्बर वरची फरशी फोडायला लावा. पाणी स्लॅबच्या भेगेतून, वायरिंगच्या नळीतून किंवा बीमच्या कडेने आडवं पळतं आणि वाट मिळेल तिथे खाली उतरतं, कधीकधी थेट पलीकडच्या खोलीत. त्यामुळे तुम्ही फोडलेली जागा बहुधा कोरडी निघते आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनींना "बघा, मी सांगत नव्हते?" असं म्हणायची संधी मिळते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पाइप फुटून घरभर पाणी झालं असेल तर मात्र एवढ्यापुरती थट्टा बाजूला. कोरड्या जागेवर उभं राहून मेन स्विचपर्यंत हात पोचत असेल तर तो आधी पाडा, मग पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. स्विच गाठायला पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज बाहेरून बंद करायला सांगा. पाणी सांडपाण्याचं किंवा पुराचं असेल तर रबरी बूट आणि हातमोज्यांशिवाय त्यात उतरू नका. नळाचं स्वच्छ पाणीसुद्धा दोन दिवस गालिच्यात मुरलं की स्वच्छ राहत नाही. झालं, आता पुन्हा आपल्या कामाला लागू.

जमीन पुसून काढली की घर कोरडं झालं, असं जाहीर करून टाका. फरशी चकचकीत दिसतेय ना? मग स्कर्टिंगच्या मागे, कपाटाच्या पाठीशी आणि लॅमिनेटच्या खाली काय चाललंय याची उठाठेव नको. बुरशीला रुजायला 24 ते 48 तास पुरतात, तेवढी सवड तिला द्यावीच. जिप्सम बोर्डाची भिंत असेल तर ती पाणी वर ओढते; पाणी घोट्याएवढं साचलं तरी ओल गुडघ्यापर्यंत चढलेली असते. म्हणून जाणकार ओलीच्या खुणेच्या वर वीतभर तरी बोर्ड कापून काढतात आणि आतलं भिजलेलं इन्सुलेशन फेकून देतात. तुम्ही बोर्ड तसाच ठेवा, त्याला वॉलपेपर शोभून दिसेल.

पंखे लावायचे तर खिडक्या सताड उघड्या ठेवून लावा, विशेषतः बाहेर पाऊस कोसळत असताना. बाहेरची दमट हवा आत ओढून भिंत वाळवण्याचा हा प्रयोग कितीही दिवस चालू ठेवता येतो. डिह्युमिडिफायर आणला असेल तर तोही उघड्या खिडकीजवळ ठेवा, म्हणजे घराबरोबर सगळ्या आसमंताची हवा कोरडी करायचं काम त्याला मिळेल. खिडक्या-दारं लावून, पंख्याचा झोत भिंतीवर तिरपा सोडून आणि हायग्रोमीटरवर आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास आणून ठेवणं हा रुक्ष लोकांचा मार्ग आहे. त्यांची भिंत वाळतेही, पण त्यात मजा नाही.

लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या असतील तर त्याच आठवड्यात घासून सपाट करून घ्या. पट्टी खालून ओली आणि वरून कोरडी असते म्हणून ती तशी वाकते. नुसती सावकाश वाळू दिली तर पुष्कळदा बरीचशी सरळ होते. घाईने घासलीत तर मागाहून वाळताना तिच्या कडा खाली बसतात आणि मध्ये उंचवटा राहतो, तो कायमचा. एमडीएफच्या कपाटांबद्दल काय बोलावं? ती फुगली ती फुगलीच.

बुरशी दिसली की ब्लीच शिंपडा. काळा रंग जातो, फोटो चांगला येतो. ब्लीचमधलं पाणी तेवढं बोर्डात मुरतं आणि आतल्या तंतूंची तहान भागवतं. शिवाय मेलेली बुरशीही नाकाला झोंबतेच, हा वरचा फायदा. टाइल, काच, धातू अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर साबणाचं पाणी, ब्रश आणि मग कोरडं फडकं एवढं पुरतं. बुरशी धरलेली गादी, पुठ्ठा आणि बोर्ड मात्र पिशवीत बांधून बाहेर काढावा लागतो, तोही एन-95 मास्क लावून आणि पंखा बंद ठेवून. एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: ब्लीचमध्ये आम्लाचा टॉयलेट क्लीनर मिसळला की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

आता रंग. यासाठीच तर सगळा खटाटोप. भिंतीवर पांढरा खार फुलला असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. क्षार पाण्यात विरघळतात, भिंतीत परत जातात आणि वाळताना पुन्हा बाहेर येतात. तुमचं फडकं बेकार होत नाही. कोरड्या ब्रशने झाडून केराच्या सुपलीत भरला तर तो खरंच कमी होतो, म्हणून ते टाळा. प्लास्टरवर टकटक करून पाहू नका. बद्द आवाज आला तर ते सुटलंय हे कळेल आणि काढावं लागेल. त्यावरच पीओपी फासा. ओल लागली की ते मऊ पडतं आणि नखाने उकरता येतं, लहान मुलांना तेवढाच विरंगुळा. सगळ्यावर कडी म्हणून आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा. पाणी मागून येतंय आणि तुम्ही पुढून दार लावताय. ते आधी फुगा धरतं, मग पोपडा, मग शेजारच्या कोऱ्या भिंतीकडे सरकतं.

भिंत वाळली का हे तळहात लावून ठरवा. काँक्रीट आणि विटांचा ढोबळ हिशेब दर 25 मिलिमीटर जाडीला महिनाभर असा असतो, हे रंगाऱ्याला सांगितलंत तर तो दुसरं काम धरेल. भिंतीवर वीतभर फॉइल चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवायची, मग थेंब फॉइलच्या मागे आले तर पाणी भिंतीतलं आणि पुढच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेतलं, ही परीक्षा फुकटात होते. म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. मॉइश्चर मीटर आणलात तर एकच आकडा बघून निकाल द्या. क्षार आणि आतलं लोखंड त्याला खोटा मोठा आकडा दाखवायला लावतात, म्हणून घरातल्या कोरड्या भिंतीवर आधी मोजून तुलना करायची असते.

एवढं करूनही कुणी खरोखर गळती थांबवली आणि भिंत वाळवली, तरी एक संधी उरते. जुन्या डागावर सरळ पाण्याचा इमल्शन रंग द्या. तपकिरी डाग त्यातून झिरपून वर येतो. डाग अडवणारा प्रायमर आधी लागतो हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून घरचे म्हणतात गळती परत सुरू झाली, आणि दुरुस्त केलेला पाइप पुन्हा उकरला जातो.

स्लॅबमधून गंजाचे ओघळ दिसू लागले तर फॉल्स सीलिंग करून घ्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सळईवरचं काँक्रीट आतून ढकलतो आणि त्याचे तुकडे सुटतात. ते तुमच्या डोक्यावर न पडता सीलिंगवर पडतील, निदान सुरुवातीला. सळईच्या मागेपर्यंत खोदून, गंज काढून, लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरायचं आणि सळई झिजली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं, हे झेपणारं नाही.

विमा असेल तर फोटो काढायच्या आधी सगळं भंगारात द्या.

राहिले भिजलेले अल्बम. एकमेकांना चिकटलेले फोटो स्वच्छ गार पाण्यात बुडवले की हळूहळू सुटतात, आणि लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले तरी थांबतात. तुम्ही ते उन्हात कडक वाळवा आणि मग ओढा. आजोबांच्या मिशा हमखास आत्याच्या फोटोवर येतात.