‘ढास लागली की टेट्रा टोचा’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगोला-मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गाय-म्हैस ढासायला लागली, नाक गळायला लागलं की डॉक्टरची वाट बघू नका. टेट्रासायक्लीन 30 मिली मानेत टोचा. दुसऱ्या दिवशी फरक नसेल तर भारी इंजेक्शन द्या. ताप उतरला की बंद करा. दूध उकळलं की औषध उडून जातं.’ टेट्रासायक्लीन (टेट्रा) हे अँटिबायोटिक, म्हणजे जंतूंवरचं औषध. हा मेसेज ऐकून उपचार केले की जनावरं दगावतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘ढास लागली, नाक गळलं की टोचा.’

ढास, म्हणजे खोकला, लागली की न्यूमोनियाच असतो असं नव्हे. कोरड्या कडब्याची कुट्टी करताना उडणारी धूळ, बंद गोठ्यात साचलेल्या मूत्राचा अमोनिया, फुप्फुसातले जंत यांनीही जनावर ढासतं. यातल्या एकाही कारणावर अँटिबायोटिक चालत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42 अंशांवर गेला की निरोगी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायसुद्धा दुपारी तोंड उघडून धापा टाकते. तिचं तापमानही चढलेलं असतं. म्हणून ताप पहाटे, ऊन चढण्याआधी बघायचा. थर्मामीटर गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकवून पूर्ण एक मिनिट धरायचा, शेणात खुपसायचा नाही. साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचं. पहाटेच 104 च्या वर असेल, सोबत मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर फाकलेली, रवंथ बंद आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड असेल, तर फुप्फुसाचा संसर्ग धरून चालावं.

तरीही आपल्याकडे दोन आजार हमखास फसवतात. पहिला गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया. संकरित गाईला 105-106 ताप, जोराचा श्वास, ढास, सगळं न्यूमोनियासारखं. पण खांद्याच्या पुढची गाठ हाताने चाचपली तर ती सुजून टणक झालेली लागते, आणि डोळ्यांची आतली त्वचा फिकट दिसते. कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी तपासली की निकाल लागतो. याला बुपार्वाकोन हे वेगळं औषध लागतं. टेट्रासायक्लीन टोचत बसाल तर गाय रक्तक्षयाकडे जाते आणि हातचे दिवस जातात. दुसरा तिवा. हा विषाणूचा आजार, बहुतेक जनावरं तीन दिवसांत आपोआप उठतात. ‘एका इंजेक्शनात गाय उभी राहिली’ असे जे दाखले दिले जातात, त्यातले बरेच या तिव्याचेच असावेत. तिव्यात गिळण्याची ताकद कमी होते. अशा वेळी बाटलीने काढा किंवा तेल पाजलं तर ते थेट फुप्फुसात जातं. मग होणारा न्यूमोनिया कुठल्याही अँटिबायोटिकला सहजी दाद देत नाही. तिवा आलेल्या जनावराला तोंडाने काहीही ओतू नका.

घशाखाली गरम, दुखरी सूज आणि घुरघुर असेल तर तो घटसर्प. इथे मात्र तासांचा हिशेब असतो, जनावर 24 तासांत जाऊ शकतं. तेव्हा तातडीने 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. घटसर्पाची लस दरवर्षी पावसाळ्याआधी टोचून घ्यावी, हा खर्च इंजेक्शनांपेक्षा फार कमी आहे.

‘30 मिली मानेत टोचा.’

सगळ्यात मोठं नुकसान या आकड्याने होतं. 30 मिली कशाचे? बाजारात साधं ऑक्सिटेट्रासायक्लीन मिलीला 50 मिलिग्रॅमचं मिळतं, लाँग ॲक्टिंग (शरीरात जास्त दिवस टिकणारं) 200 मिलिग्रॅमचं. आणि गाईचं वजन किती? टेपने काढता येतं: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 70 आणि लांबी 58 इंच असेल तर वजन साधारण 430 किलो भरतं. साध्या टेट्राची मात्रा किलोला 10 मिलिग्रॅम धरली तर या गाईला रोज 4,300 मिलिग्रॅम, म्हणजे 86 मिली लागतात. 30 मिलीत तिला किलोला साडेतीन मिलिग्रॅम पडतं. एवढ्याने जंतू मरत नाहीत, नेटाने टिकणारे तेवढे मागे उरतात. लाँग ॲक्टिंगची मात्रा किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे याच गाईला 43 मिली, आणि एका जागी 10 मिलीपेक्षा जास्त नाही. पाच ठिकाणी, मानेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूत खोलवर. सगळं एकाच जागी कोंबलं की सूज येते, मांस सडतं आणि औषध नीट शोषलं जात नाही. लाँग ॲक्टिंग शिरेतून तर कधीच देऊ नये.

‘दुसऱ्या दिवशी भारी इंजेक्शन.’

अँटिबायोटिकचा निकाल 24 तासांत लावता येत नाही. रोजचं औषध असेल तर 48 तासांनी, लाँग ॲक्टिंग असेल तर 72 तासांनी पहाटेचा ताप, चारा खाणं आणि श्वास बघून ठरवायचं. ‘भारी’ औषध म्हणून सेफ्टिओफर किंवा एन्रोफ्लॉक्सासिन आणलं जातं. पण न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्माच्या जंतूला पेशीभित्ती (बाहेरचं कवच) नसते, त्यामुळे पेनिसिलीन आणि सेफ्टिओफर दोन्ही त्यावर निष्फळ. वासरू ढासतंय, सोबत सांधे सुजलेत किंवा कान एका बाजूला लोंबतोय, तर हा संशय घ्यावा. सेफ्टिओफर आणि एन्रोफ्लॉक्सासिन ज्या गटांतली आहेत, ते माणसांच्या गंभीर संसर्गात अत्यंत मोलाचे आहेत. ती डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय गोठ्यात येऊ नयेत. काही जण सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही मिसळतात. ताप उतरतो, प्रतिकारशक्तीही उतरते, आणि शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय गाभडू शकते.

‘ताप उतरला की बंद.’

ताप वेदनाशामकानेही उतरतो. औषध किमान 3 दिवस, बहुतेकदा 5 दिवस आणि ताप गेल्यावरही 48 तास. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम वापरा. औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मरतात, म्हणून डायक्लोफेनॅक 2006 पासून, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक 2023 पासून जनावरांसाठी बंद आहेत.

‘दूध उकळलं की औषध उडून जातं.’

उडून जात नाही. बहुतेक अँटिबायोटिकचे अंश उकळल्यावरही बऱ्याच प्रमाणात शिल्लक राहतात. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूही त्यानेच अडतात. लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका. लेबलवर काहीच नसेल तर नियमानुसार शेवटच्या इंजेक्शनपासून निदान 7 दिवस दूध आणि 28 दिवस मांस वापरात आणायचं नाही. दुभत्या गाईसाठी फ्लोरफेनिकॉल हे अँटिबायोटिक टाळा. गाईचं नाव, औषध, मात्रा आणि तारीख गोठ्यातल्या वहीत टिपा, आणि वेगळं काढलेलं दूध वासरालाही पाजू नका, खड्ड्यात ओतून मातीआड करा.