‘नव्वद दिवसांनी लायन आपोआप निघतो’ म्हणे!

कॅलिफोर्नियात घराचं काम काढलेल्या मराठी मंडळींत एक सल्ला फॉरवर्ड होत असतो: ‘कॉन्ट्रॅक्टरने घरावर मेकॅनिक्स लायन (थकलेल्या पैशांसाठी नोंदवलेला बोजा) टाकला तर गप्प बसा, ९० दिवसांनी तो आपोआप निघतो. बिनपरवाना माणसाचा लायन लागतच नाही. मुख्य कॉन्ट्रॅक्टरचे पैसे चुकते केले की बाकी कुणी काही मागू शकत नाही. कोर्टात मात्र जाऊ नका, वर्षानुवर्षं चालतं.’

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि तेच जास्त महागात पडतं. सिव्हिल कोडच्या कलम ८४६० प्रमाणे लायन नोंदवल्यापासून ९० दिवसांत वसुलीचा दावा दाखल झाला नाही, तर लायन संपतो. पण संपला म्हणून काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, दप्तरातून कुणी तो काढत नाही. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यावा लागतो ना, तसंच. घर विकायला किंवा रिफायनान्सला काढलं की मालकीहक्क तपासणारी टायटल कंपनी तोच कागद पुढे करते.

दिवसही नीट मोजा. शेवटच्या बिलापासून नव्हे, नोंदणीच्या तारखेपासून. ३ मार्चला नोंद झाली असेल तर नव्वदावा दिवस १ जून. पैसे देण्याची मुदत वाढवल्याची नोटीस रेकॉर्डवर असेल तर हा हिशेबही बदलतो. आणि ८८व्या दिवशी दाखल झालेल्या दाव्याचं समन्स तुमच्या दारात यायला कित्येक आठवडे लागू शकतात. घरी काही आलं नाही यावर विसंबू नका, सुपिरिअर कोर्टात आपल्या नावावर दावा आहे का ते बघून घ्या.

परवान्याचं म्हणाल, तर रेकॉर्डर तो तपासत बसत नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ७०३१ मुळे बिनपरवाना कॉन्ट्रॅक्टरला वसुली करता येत नाही, उलट दिलेले पैसेही परत मागता येतात. पण हे कोर्टापुढे मांडायचं असतं. तोवर कागद दप्तरात बसलेलाच.

तिसरा मुद्दा साफ चूक. टाइल बसवणारा, लाकूड पुरवणारा, राबणारा मजूर या सगळ्यांना लायनचा हक्क राज्याच्या घटनेनेच दिलाय. मुख्य कॉन्ट्रॅक्टरने त्यांचे पैसे थकवले तर तुमच्यावर दुसऱ्यांदा पैसे मोजायची वेळ येऊ शकते. रोजंदारीचा मजूर सोडला तर यातल्या प्रत्येकाने काम किंवा माल सुरू केल्यापासून २० दिवसांत तुम्हाला प्राथमिक नोटीस धाडायला हवी. उशीर केला तर नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांपलीकडच्या कामाचा हक्क जातो. ही नोटीस लोक जाहिरात समजून टाकून देतात. तसं करू नका. त्यातली नावं लिहून ठेवा आणि कॉन्ट्रॅक्टरला हप्ता देताना त्या प्रत्येकाचा सही केलेला लायन वेव्हर, म्हणजे लायनचा हक्क सोडल्याचा कागद, मागा.

आता कोर्ट. मुदत संपलेल्या लायनसाठी कायद्याने मुद्दाम जवळची वाट ठेवलीय, सिव्हिल कोडच्या कलम ८४८० पासून पुढे. आधी लायन टाकणाऱ्याला सर्टिफाइड मेलने लेखी मागणी करायची: लायन सोडल्याचा कागद नोंदव. मग किमान १० दिवस थांबायचं. ही पायरी गाळली की अर्ज तिथेच लंगडा पडतो. दाद मिळाली नाही तर सुपिरिअर कोर्टात शपथेवर अर्ज. त्यात लायनची प्रमाणित प्रत, जागेचं कायदेशीर वर्णन, मागणी केल्याची तारीख, आणि वसुलीचा दावा प्रलंबित नाही असं निवेदन. सुनावणीची तारीख ३० दिवसांच्या आतली मिळते, पुढे ढकलली तरी निकाल अर्जापासून ६० दिवसांत. समोरच्याला कागद सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी पोचलेच पाहिजेत. जिंकणाऱ्याला वकिलाचा वाजवी खर्च मिळतो. म्हणजे हरलात तर तो तुमच्या माथी, हेही ध्यानात असू द्या. आदेश हातात आल्यावर त्याची प्रमाणित प्रत रेकॉर्डरकडे नोंदवायची. ती नोंदवली नाहीत तर लायन दप्तरात जसाच्या तसा.

दावा वेळेत लागला असेल तर ही वाट बंद. तेव्हा त्याच दाव्यात लायन काढण्याचा अर्ज करता येतो, आणि लायन टिकण्याजोगा आहे हे कॉन्ट्रॅक्टरला दाखवावं लागतं. १९९१च्या लँबर्ट निकालापासून ही सोय आहे. एस्क्रोची, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याची, तारीखच डोक्यावर आली असेल तर लायनच्या १२५ टक्के रकमेचा शुअरिटी बाँड (जामीन कंपनीची हमी) नोंदवा. घर मोकळं होतं, भांडण बाँडवर चालू राहतं.