ट्रान्सफॉर्मर, फुटलेला कॅपॅसिटर आणि तापणारा ७८०५, १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, मी दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला, दोनदा वाचला, फोटो पण झूम करून बघितले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठं होईल, पण दोन ओळींचं सॉरी लिहून तुमचं टाकीचं सर्किट काही चालू होणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. गच्चीवरच्या टाकीची लेव्हल बघून पंप चालू-बंद करायचा म्हणून तुम्ही ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) चं सर्किट करताय, त्यासाठी आमच्याकडून १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) आणि रिले (सर्किटने चालणारा स्विच) नेला. १२ चा ट्रान्सफॉर्मर असून ब्रिजनंतर मीटरवर १७.६ आले, दुसऱ्या दिवशी कॅपॅसिटर फुटला, दुसरा टाकला तर ७८०५ चा चटका बसला आणि ईएसपी सारखा रीस्टार्ट व्हायला लागला. परत घेऊन आलात तर काउंटरवरच्या मुलाने "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या बोर्डाकडे बोट दाखवलं. म्हणून १ स्टार आणि "तपकीर गल्लीत सगळा डुप्लिकेट माल मिळतो".

आधी आमची चूक. तुमच्या तिसऱ्या फोटोत कॅपॅसिटरच्या निळ्या कव्हरवर १६ व्होल्ट लिहिलेलं स्पष्ट दिसतंय. तुम्ही "हजार मायक्रो द्या" म्हणालात आणि आमच्या मुलाने डब्यातून हाताला लागला तो दिला, किती व्होल्टवर लावणार हे विचारलंच नाही. हे विचारणं आमचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही. २५ चा द्यायला हवा होता, खरं तर ३५ चा. पट्टीची बाजू मायनसलाच आहे फोटोत, म्हणजे तुम्ही उलटा लावलेला नव्हता, बिचारा व्होल्टेजनेच गेला. वरच्या टोपणावर जो फुलीसारखा काप असतो ना, तो तिथूनच फाटावा म्हणून दिलेला असतो, आणि त्या वेळी तुमचा चेहरा त्याच्यावर नव्हता यात सगळं आलं. बोर्डाकडे बोट दाखवणं पण चुकलं, मुलाशी मी बोललोय आणि तुमची मनापासून माफी मागतो.

पण ट्रान्सफॉर्मर डुप्लिकेट नाही, हे मला ठामपणे सांगायचंय, कारण हाच गैरसमज घेऊन आठवड्यातून दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ हे एसीचे आरएमएस असतात, म्हणजे लाटेचा एक प्रकारचा सरासरी आकडा, टोकाचा नाही, आणि तेही पूर्ण १ अँपिअर लोड टाकल्यावर. लोड नसेल तर असा छोटा ट्रान्सफॉर्मर सव्वातेरा-साडेतेरा दाखवतोच, ती त्याची घडणच आहे. ब्रिजनंतर कॅपॅसिटर लावला की तो आरएमएसवर नाही तर लाटेच्या टोकापर्यंत चार्ज होतो, म्हणजे १.४१ ने गुणायचं. १३.३ गुणिले १.४१, पावणेएकोणीस झाले, त्यातून ब्रिजमधल्या दोन डायोडचे एक-सव्वा व्होल्ट गेले, राहिले साडेसतरा. तुमचा मीटर १७.६ दाखवतोय, म्हणजे मीटर पण बरोबर आहे आणि ट्रान्सफॉर्मर पण. घरातली लाइन २३० ऐवजी २४० झाली तर १८ च्या वर पण जाईल. म्हणून १२ च्या ट्रान्सफॉर्मरला १६ व्होल्टचा कॅपॅसिटर कधीच लावू नका, कोणीही दिला तरी, आमच्या मुलाने दिला तरी.

आता ७८०५. चटका बसतो म्हणजे पार्ट खराब असं नसतं, तो जास्तीचे व्होल्ट जाळूनच ५ करतो, दुसरं काही त्याला येतच नाही. लोडवर तुमच्याकडे आत सरासरी १५ व्होल्ट येत असतील, बाहेर ५, मधले १० त्याच्या अंगावर. ईएसपी वायफाय चालू असताना आणि रिले ओढलेला असताना साधारण ३०० मिलीअँपिअर धरा. १० गुणिले ०.३, तीन वॅट उष्णता. आणि फोटोत ७८०५ ब्रेडबोर्डवर नुसता उभा आहे, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नाही. नुसत्या टीओ-२२० पॅकेजला (७८०५ ची ती तीन पायांची बॉडी) एका वॅटमागे आतलं तापमान साधारण ६५ डिग्री चढतं, म्हणजे तीन वॅटला दोनशेच्या वर जाणार, तेवढं जायच्या आधीच तो स्वतःला बंद करतो. बंद झाला की ईएसपीचा सप्लाय गेला, थोडा गार झाला की परत चालू, परत तापला, परत बंद. तुमचा रीस्टार्टचा खेळ हा आहे असं मला ९० टक्के वाटतं.

खात्री करायची असेल तर पैसे न घालवता करता येते. पंपाची २३० ची वायर पूर्ण काढून ठेवा आणि ७८०५ वर टेबलफॅन सोडा. आधी दोन मिनिटात रीस्टार्ट होत होता तो दहा मिनिटं टिकला तर दोष उष्णतेचा, विषय संपला. फॅन लावूनही बरोब्बर रिले टक् वाजतानाच रीस्टार्ट होत असेल तर मग रिलेकडे बघायचं. लॅपटॉपवर सिरीयल मॉनिटर (ईएसपीचे मेसेज दिसतात ती खिडकी) उघडा, तिथे "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" अशी ओळ आली की समजायचं व्होल्टेज खाली बसतंय, कोडमधे शोधत बसू नका. आणि मीटर डीसीवर ठेवून थेट ईएसपीच्या ५ व्होल्ट पिनवर धरा, ७८०५ च्या पायावर नाही, कारण ब्रेडबोर्डच्या त्या बारीक जंपर वायरी आणि सैल झालेल्या भोकांमधे पण व्होल्ट जातात आणि लोक दुसरीकडे मोजून म्हणतात ५ तर येतायत.

उपाय दोन आहेत. एक, ट्रान्सफॉर्मर ९ चा घ्यायचा, कॅपॅसिटर २२०० मायक्रो २५ व्होल्ट आणि ७८०५ ला पेस्ट लावून हीटसिंक. ६ चा घेऊ नका, ७८०५ ला आत किमान ७ लागतात आणि लाइन जरा पडली की ते मिळणार नाहीत. दुसरा, मला जास्त आवडणारा, आहे तोच १२ चा ट्रान्सफॉर्मर ठेवून ७८०५ च्या जागी एलएम२५९६ चं बक मॉड्यूल, ते जास्तीचे व्होल्ट जाळत नाही, वेगाने चालू-बंद करून कमी करतं. तीन वॅटच्या ऐवजी पाव-अर्धा वॅट गरम होईल. फक्त एक पाळा, ईएसपी जोडायच्या आधी मॉड्यूलला नुसता इनपुट देऊन निळ्या पॉटचा (व्होल्टेज सेट करायचा छोटा डबा) पितळी स्क्रू फिरवून आउटपुट मीटरवर ५.० करा. स्क्रू घड्याळाच्या उलट, आणि सुरुवातीचे दहा-बारा फेरे काहीच हलत नाही, घाबरू नका, फिरवत रहा. न मोजता जोडल्यामुळे गेलेले ईएसपी माझ्याकडे दर महिन्याला येतात आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं, पोरांचे पॉकेटमनीचे पैसे असतात.

फोटोत अजून एक दिसलं जे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो. रिले ट्रान्झिस्टरवर आहे आणि कॉइलला उलटा डायोड नाही. ४००७ टाका, पट्टी प्लसकडे, नाहीतर रिले सुटताना कॉइल जो झटका देते त्याने ट्रान्झिस्टर तरी जाईल नाहीतर ईएसपी हँग होईल. आणि पंप अर्ध्या एचपीचा असेल तर तो त्या छोट्या निळ्या रिलेवर थेट चालवू नका, वर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते, काही दिवसात कॉन्टॅक्ट चिकटतील आणि पंप बंदच होणार नाही, टाकी भरून वाहत राहील आणि तुम्ही ऑफिसला. रिलेने कॉन्टॅक्टर (मोटरसाठीचा मोठा, दणकट रिले) चालवा, कॉन्टॅक्टरने पंप.

नवीन सप्लाय पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर करा, म्हणजे ज्यात लाइन बल्बमधून जाऊन मग पुढे जाते, २५-४० वॅटचा जुना काचेचा पिवळा बल्ब, एलईडी नाही चालत. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग काढा आणि मगच हात घाला.

डुप्लिकेट माल मार्केटमधे येत नाही असं मी म्हणणार नाही, येतो. म्हणूनच तुमचा ७८०५ तुमच्यासमोर तपासून देतो, हीटसिंकवर लावून आत १२ व्होल्ट, बाहेर १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, म्हणजे अर्धा अँपिअर लोड, आणि पाच मिनिटं ४.८ ते ५.२ च्या मधे राहिला पाहिजे. नाही राहिला तर नवीन देतो आणि जुना तुमच्यासमोर कापून टाकतो. कॅपॅसिटर ३५ व्होल्टचा बदलून देणारच आहे, त्याचे पैसे नाहीत, मधे तुम्ही स्वतः आणून टाकलेल्या दुसऱ्याचे पण देतो. बक मॉड्यूल हवं असेल तर ७८०५ चे पैसे त्यातून वजा.

दुपारी ३ नंतर गर्दी कमी असते, रविवारी बंद. ट्रान्सफॉर्मरसकट सगळं सर्किट जसं आहे तसं घेऊन या, सोडवून आणू नका, बिल नसलं तरी चालेल. आणि येताना पंपाच्या नेमप्लेटचा फोटो काढून आणा, म्हणजे कॉन्टॅक्टर कुठला लागेल ते तिथेच बघू.