रेडियमवाल्यानं ज्ञान शिकवू नये?

भाऊ, तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण लागलं तेच. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रस्त्यावर भांडायचं की गप बसायचं, हे आपण समोरची गाडी पाहून ठरवतो. तुम्ही म्हणता, राग चुकीच्या चालवण्याचा येतो, गाडीचा नाही, तुम्ही स्वतः तर कोणाची गाडी पाहतच नाही, अमेरिकेतले प्रयोग आपल्या यवतमाळकडच्या दारव्ह्याला लागू होत नाहीत, आणि "रेडियमचं दुकान टाकून आगीत तेल तुम्हीच ओतता, वर आम्हालाच शिकवता."

ओततो खरं. हाय सिक्युरिटी प्लेट आल्यापासून नंबरप्लेटचं काम बसलं, आता दुकान मागच्या काचेवर चालतं. 'बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं' हे किती बोलेरोंवर चिकटवलं याचा हिशेब नाही. काच पुसायची, साबणाचं पाणी मारायचं, अक्षरं ठेवून पट्टीनं मधलं पाणी बाहेर काढत न्यायचं. एक बुडबुडा राहिला तरी गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकून म्हणतं, "वाघाच्या 'घा'त हवा हाय, भाऊ." गंमत अशी की गाडी चालवताना ते अक्षर त्याला कधीच दिसणार नसतं. मागच्याला दिसावं म्हणून तो तासभर उन्हात उभा असतो.

पण स्टिकरमुळं राग येतो असं मी लिहिलं नव्हतं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतला अभ्यास २००८ साली छापून आला. ज्यांच्या गाडीवर स्टिकर आणि सजावट जास्त, ते रस्त्यावर चिडून वागत असल्याचं जास्त सांगत होते, मग मजकूर शांतीचा असो की दमदाटीचा. म्हणजे 'आईचा आशीर्वाद' आणि 'वाघ' एकाच रांगेत. गाडीला जो आपलं आवार समजतो तो तिच्यावर खुणा करतो, आणि रस्ता सगळ्यांचा असला तरी कोणी आडवं आलं की वाड्यात शिरल्यासारखा चवताळतो, असं त्यांचं म्हणणं. स्टिकर खरवडून काढला तर माणूस थंड होईल, असं त्यातून निघत नाही. माझं दुकान तेवढ्यावर वाचलं म्हणा.

आता "मी गाडी पाहत नाही" याबद्दल. १९६८ साली डूब आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापला. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी मुद्दाम हलवायची नाही, फार तर १५ सेकंद. कधी चकचकीत, महागडी क्रायस्लर, कधी जुनाट खटारा. खटाऱ्याच्या मागं ८४ टक्के लोकांनी निदान एकदा तरी हॉर्न दिला, क्रायस्लरच्या मागं ५० टक्के. मागच्या दोन गाडीवाल्यांनी तर हॉर्न सोडून खटाऱ्याला मागून धडकच दिली. वेगळ्या विद्यार्थ्यांना नुसतं विचारलं, तुम्ही काय कराल? त्यातले मुलगे म्हणाले, भारी गाडीवर आधी वाजवू. तुमच्यासारखंच शूर उत्तर. रस्त्यावर मात्र नेमकं उलटं घडलं होतं.

"दारव्ह्याला लागू नाही" हे निम्मं मान्य. आपल्याकडं सिग्नलला थांबायची वेळ किती येते? आणि तिकडं मोठी गाडी म्हणजे पैसा. इथं मोठी गाडी दिसली की पहिला प्रश्न, आत कोण असंल? काचेवरची काळी फिल्म सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये बंद केली, लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, तरी पांढऱ्या स्कॉर्पिओच्या पुढच्या काचेतून छोटा झेंडा दिसला की हॉर्नवरचं बोट आपोआप उचललं जातं.

माझंच सांगतो. कापसाचे दिवस होते. यवतमाळ रोडवर अशीच एक स्कॉर्पिओ अर्धा रस्ता अडवून उभी, आतला माणूस खिडकीतून कोणाशी तरी गप्पा हाणत होता. मी स्प्लेंडरवर, पाय टेकून उभा. हॉर्न नाही की शब्द नाही. ती हलली, मी निघालो, तर दोनेक किलोमीटरवर कापसानं भरलेली बंडी. बैल आपल्या चालीनं चाललेले, बंडी जमेल तेवढी कडेला घेतलेली. मी मागून हॉर्न दाबून धरला आणि बाजूनं जाताना ओरडलो, "काऊन बे, रस्ता का तुह्या बापाचा हाय?" म्हातारा होता. त्यानं कासरा आवळला आणि म्हणाला, "जाय ना बाप्पा, कोनं धरलं तुले?"

त्यानं धरलं नव्हतंच. ज्यानं धरलं होतं त्याच्यापुढं माझं तोंड उघडलं नव्हतं. आणि चुकीच्या चालवण्याचं म्हणाल, तर त्या दिवशी त्या रस्त्यावर बरोबर चालवणारा तो बंडीवालाच होता.

तुमची गाडी कोणती ते तुम्ही लिहिलं नाही. कधी दारव्ह्याला आलात तर दुकानात या, चहा घेऊ. बाहेर कोणती गाडी लावली ते मी आधी पाहीन, हे आत्ताच कबूल करून ठेवतो.