अंडरपासची मापं विचारा

पेंच व्याघ्रप्रकल्पातल्या महामार्गाच्या पुलाखालून चाललेल्या वाघाचा फोटो दर दोन-चार महिन्यांनी फिरतो. खाली ओळ ठरलेली: विकास आणि निसर्ग हातात हात घालून! फोटो खराच आहे. मनसर ते खवासा या टप्प्यात नागपूर-शिवनी महामार्ग नऊ ठिकाणी उचलून घेतलाय, सर्वात छोटी जागा सुमारे 50 मीटरची आणि मोठ्या दोन 750 मीटरच्या. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी तिथून जाताना टिपले गेले, वाघसुद्धा. पण हा फोटो दाखवून इतर ठिकाणी जे खपवलं जातं, त्यावर बोलायला हवं.

रस्त्याखालची वाट प्राण्याला किती मोकळी वाटेल, याचा हिशोब सोपा आहे. रुंदी गुणिले उंची, भागिले प्राण्याला रस्त्याखालून चालावं लागणारं अंतर. चौपदरी रस्त्याखाली ते अंतर 30 मीटर धरा. 3 बाय 3 मीटरची पेटी मोरी (रस्त्याखालून पाणी जायला काँक्रीटची चौकोनी वाट) असेल तर उत्तर 0.3. उंची 5 मीटर धरून 50 मीटरच्या पुलाचं येतं आठच्या वर, 750 मीटरच्या पुलाचं 125. 0.3 वाल्या बोगद्यातून साळिंदर, उदमांजर, कोल्हा जाईलही. चितळांचा कळप मात्र तोंडाशी थबकतो, आत अंधार आणि पलीकडे उजेडाचा चौकोन बघून मागे फिरतो. आणि अहवालात अशी नाल्याची मोरीच ‘वन्यजीव भुयारी मार्ग’ म्हणून मोजलेली असते.

मोरी वापरायचीच असेल तर निदान नीट करा. पावसाळ्यात पाणी भिंतीपासून भिंतीपर्यंत भरतं, म्हणून एका कडेला पुराच्या पातळीच्या वर कोरडा कट्टा हवा. तळाला मोठ्या दगडांचं पिचिंग नको, त्यावर खूर टिकत नाही; माती पसरा.

कुंपणाचं तर विचारूच नका. प्राणी कुंपणाच्या कडेकडेने चालत जातो आणि ते संपतं तिथे रस्त्यावर येतो. म्हणजे अपघात थांबत नाहीत, फक्त पुढच्या किलोमीटरला सरकतात. कुंपणाचं टोक पुलाशीच संपलं पाहिजे, भर जंगलात नाही.

दुभाजकाला सलग काँक्रीटची भिंत घातली की ससा, साळिंदर, कासव अर्ध्या रस्त्यात अडकतं. बाजूच्या उभ्या भिंतीच्या गटारात पडलेला बेडूक किंवा कासव वर येत नाही. गटाराची जंगलाकडची भिंत उतरती ओतली तर प्रश्न मिटतो. ओततानाच करायचं काम आहे हे, नंतर कुणी फोडून देत नाही.

रेल्वेचं दुखणं वेगळं. कुठल्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते हे ठरवणाऱ्या 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच, त्यामुळे ती मंजुरी लागत नाही आणि त्यासाठीची जनसुनावणीही होत नाही. उरते ती वनजमिनीची आणि वन्यजीवांची परवानगी. खोल कटिंगमध्ये, म्हणजे जमीन कापून केलेल्या खाचेत, गाडी समोर आली की प्राणी बाजूला चढू शकत नाही, रुळावरूनच पुढे पळतो. तिथे एक तरी उतार सौम्य करावा आणि वळणावरची झुडपं छाटावीत, म्हणजे चालकाला लांबून दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीजवळ 15 नोव्हेंबर 2018 ला वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले, तो मार्गही जंगलातलाच.

काही ठिकाणी मापं काढत बसण्यात अर्थ नसतो, तिथे नकोच म्हणावं लागतं. गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने 9 मे 2022 ला रद्द ठरवली, ती अशीच जागा.

पेंचला वाघ होता म्हणून कोर्टात भांडून एवढं तरी मिळालं. सोलापूर-नगरकडच्या माळरानावर लांडगा, चिंकारा, तरस, धाविक पक्षी आहेत, पण कागदावर ती जमीन ‘पडीक’. तिथल्या रस्त्याला पूल मागणार कोण?

तेव्हा रस्त्याची जनसुनावणी लागली की ‘अंडरपास आहेत का’ असं विचारू नका, ‘आहेत’ असं उत्तर तयारच असतं. प्रत्येकाची साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), रुंदी, उंची, तळाची आणि पुराची पातळी मागा. कुंपण कुठल्या साखळीला संपतं ते मागा. आणि तिथे उभं राहून बघून या, पुढे ढाबा आहे की पाणवठा.